लहान शेतकऱ्याने शिकायचं कुठे, आणि कोणासोबत?

आजच्या भागात पाहुणे नाहीत, मी एकटीच बोलणार आहे. तुमच्याकडून येणाऱ्या निरोपांमध्ये एक प्रश्न सारखा येतो: "ताई, दोन एकर रान आहे, सेंद्रिय करायचंय, शिकायचं कुठून?" एका ओळीत उत्तर देता येत नाही, म्हणून आज सविस्तर बोलू. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं त्यांच्यासाठी हे बोलणं इथे लिहून ठेवतोय. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. सांगली जिल्ह्यात आमची सव्वादोन एकर जमीन. हळद, भाजीपाला, रब्बीत शाळू, बांधाला तूर आणि शेवगा. दोन गाई. आमचा सात जणांचा गट आहे, त्याची गोष्ट पुढे येईलच.

दुकानदार हाच मास्तर

२०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातलं सरासरी जमीनधारणेचं क्षेत्र १.०८ हेक्टर निघालं. पाच एकरांच्या आतले खातेदार शंभरात ८६. म्हणजे 'लहान शेतकरी' हा काही अपवाद नाही, तोच बहुसंख्य आहे. पण त्याला शिकवतं कोण? खरं सांगायचं तर कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. पानावर ठिपके पडले की आपण पान तोडतो, खिशात घालतो आणि दुकानात जातो. तो बघतो, बाटली देतो, पंपाला किती मिली ते सांगतो. उधारीही ठेवतो. त्याला नावं ठेवायचं कारण नाही, कारण त्या वेळी समोर तोच असतो.

अडचण सुरू होते आपण सेंद्रियकडे वळलो की. रासायनिक शेतीत ज्ञान बाटलीसोबत येतं. चुकीचं असेल, अर्धवट असेल, पण येतं. सेंद्रियमध्ये बाटलीच नाही. शेण, गोमूत्र, पालापाचोळा, निंबोळी आपल्याच घरची. ज्यात विकायला फारसं काही नाही, ते शिकवायला कोणी दारात येत नाही. म्हणून ते माणसांकडून माणसांकडे जावं लागतं. सेंद्रिय शेतकऱ्याला सोबत लागते ती या कारणाने. एकट्याने केलं तर पहिल्या दोन वर्षांतच माणूस थकतो. उत्पन्न खाली येतं, शेजारी हसतात, घरात कुरबुर होते, आणि तिसऱ्या वर्षी गडी परत दुकानात जातो.

सरकारी दारं, आणि ती वाजवायची कशी

देशातलं पहिलं कृषी विज्ञान केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीला निघालं. आज जवळपास प्रत्येक जिल्ह्यात एक आहे, मोठ्या जिल्ह्यांत दोनही आहेत. लोक तिथे जातात, फलक बघतात, पत्रक घेतात आणि परत येतात. त्याचा उपयोग शून्य. केव्हीकेला जाताना एकच प्रश्न घेऊन जा, आणि सोबत पुरावा न्या: रोगट झाड मुळासकट, माती, फोटो, पेरणीची तारीख. आणि विचारा, "या हंगामात माझ्या शेतावर प्रात्यक्षिक किंवा चाचणी घ्याल का?" शेतकऱ्याच्या रानावर चाचण्या घेणं हे त्यांच्या कामाचाच भाग आहे. तुमचं रान त्या यादीत आलं की शास्त्रज्ञ स्वतः तुमच्या बांधावर येतो.

राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. रायझोबियम, ट्रायकोडर्मा यांसारखी जैविक निविष्ठा तिथे रास्त दरात मिळते. राहुरीची 'कृषिदर्शनी' घरात असावी. अकोल्याची शिवारफेरी तर एकदा तरी करावीच. तिथे पिकं शेतात उभी दिसतात आणि ज्याने ती वाढवली त्याला प्रश्न विचारता येतात.

तालुका कृषी कार्यालयात 'आत्मा'चं काम चालतं. शेतकरी गट बांधणं, प्रशिक्षण, अभ्यास दौरे हे त्यात बसतं. दौऱ्यात नाव घालायचं तर गट लागतो, एकट्याला फारसं कोणी विचारत नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर केलं, २,४८१ कोटींचं. त्यात १५,००० समूह आणि १०,००० जैविक निविष्ठा केंद्रं उभी करायचं ठरलं आहे. आपलं गाव कुठल्या समूहात येतं का, हे कृषी सहायकाला विचारा. नुसतं तोंडी नको, ग्रामसभेत विचारा म्हणजे नोंद होते.

शेतीशाळा: बाकावर नाही, बांधावर

शेतीशाळेची कल्पना आली इंडोनेशियातून. १९८९ मध्ये तिथल्या भातशेतकऱ्यांसाठी ती सुरू झाली, कारण तुडतुड्यांवर फवारण्या वाढवल्या तसे तुडतुडेही वाढत गेले. फवारणीने त्यांना खाणारे मित्रकीटकच मरत होते. मग ठरलं की शेतकऱ्याला औषधाचं नाव सांगायचं नाही, त्याला शेत बघायला शिकवायचं.

आपल्याकडेही कृषी विभाग शेतीशाळा घेतो. चांगली शेतीशाळा ओळखायची कशी? एक, ती पूर्ण हंगामभर एकाच प्लॉटवर भरते. दोन, दरवेळी सुरुवातीला गटागटाने शेतात जाऊन झाडं मोजतात: किती पानं, किती अळ्या, किती ढालकिडे, किती कोळी. तीन, परत येऊन कागदावर चित्र काढतात, शत्रूकिडी एका बाजूला आणि मित्रकिडी दुसऱ्या बाजूला. चार, या आठवड्यात काय करायचं ते शेतकरीच ठरवतात. कापसाचं उदाहरण घ्या. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ किंवा जास्त पतंग सापडले तर उपाय करायची वेळ आली असं मानतात. ही मोजणी ज्याला जमली, तो भीतीपोटी फवारत नाही.

आणि जिथे साहेब येतो, भाषण करतो, चहा होतो, फोटो निघतो, ती शेतीशाळा नव्हे. तरी जा. तिथे आलेल्या चाळीस जणांत तुमच्यासारखे दोन जण सापडतील. त्यांचे नंबर घेऊन या, तेवढी कमाई पुष्कळ.

दुसऱ्याच्या शिवारात जाताना

शिवारभेट हे आपलं जुनं शिक्षण आहे. पाहुण्याकडे गेलं की जेवणाआधी रान बघायचं, ही पद्धत कोणी शिकवली नाही आपल्याला. पण हल्ली शिवारभेट म्हणजे यशोगाथा ऐकणं झालंय. एकरी किती निघालं, किती पैसे झाले, टाळ्या.

मी माझ्या वहीत पाच प्रश्न लिहून ठेवलेत. पाणी कुठून आणि किती महिने? शेणखत घरचं की विकतचं? मजूर किती, आणि घरातल्या बायका किती तास राबतात? मागच्या तीन वर्षांत काय फसलं? आणि शेवटचा: शेतीशिवाय घरात दुसरं उत्पन्न आहे का? या पाचव्या प्रश्नाने बऱ्याच यशोगाथा समजायला सोप्या होतात. पगारदार माणसाला तीन वर्षं तोटा सोसता येतो, आपल्याला नाही. तो खोटं सांगतो असं नाही, फक्त त्याचा रस्ता आपल्याला तसाच्या तसा लागू पडत नाही.

इथे श्रीपाद दाभोलकरांचं नाव घ्यायलाच हवं. कोल्हापूरच्या या माणसाने 'प्रयोग परिवार' उभा केला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा, की शेतकरी हाच प्रयोग करणारा शास्त्रज्ञ. त्याने छोट्या तुकड्यावर करून बघावं, मोजावं, नोंद ठेवावी आणि ती दुसऱ्या प्रयोग करणाऱ्याशी ताडून बघावी. आमच्या भागातल्या द्राक्षशेतीच्या वाढीत अशा अभ्यासमंडळांचा वाटा मोठा आहे. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाच्या गरजा कशा भागतील, याचाही त्यांनी विचार मांडला. 'विपुलाच सृष्टी' हे त्यांचं पुस्तक मिळालं तर वाचा.

करायचं इतकंच. कुठूनही नवीन काही ऐकलं, की आधी एका गुंठ्यात करा. शेजारचा गुंठा नेहमीसारखा ठेवा. दोन्हींचं बियाणं एक, पेरणीची तारीख एक, पाणी एक. बदल फक्त एकाच गोष्टीत. काढणीला दोन्हींचं वेगळं वजन करा. सात जणांनी असे सात प्रयोग केले, तर एका हंगामात सात वर्षांचं शिक्षण होतं.

गट: खरी परीक्षा इथे

आता प्रमाणपत्राकडे येऊ. निर्यात करायची तर एनपीओपी लागतं, म्हणजे बाहेरच्या संस्थेने येऊन तपासणी करायची. एकट्या लहान शेतकऱ्याला तो खर्च झेपत नाही. देशातल्या बाजारासाठी दुसरा रस्ता आहे, पीजीएस इंडिया. सहभागातून हमी. किमान पाच शेतकऱ्यांचा स्थानिक गट, सगळ्यांनी प्रतिज्ञा घ्यायची, बैठका आणि प्रशिक्षण, आणि एकमेकांच्या शेताची तपासणी आपणच करायची. रूपांतरणाच्या काळात पीजीएस ग्रीन आणि ते पूर्ण झालं की पीजीएस ऑरगॅनिक असा दर्जा मिळतो.

कागदावर सोपं वाटतं. "आपणच आपल्याला तपासायचं? मग काय, झालंच!" असं लोक हसत म्हणतात. आमच्या गटात जे घडलं ते सांगते, म्हणजे हे किती अवघड आहे ते कळेल.

आमचं तिसरं वर्ष. ऑरगॅनिक दर्जा जवळ आलेला. पुण्याच्या एका सोसायटीतली चाळीस घरं दर आठवड्याला आमची भाजी घेत होती. गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या काकांच्या वांग्यावर शेंडे आणि फळं पोखरणारी अळी आली. घरात नातीचं लग्न ठरलेलं, वांग्याच्या पैशावर बस्ता बांधायचा होता. एका संध्याकाळी त्यांनी दुकानातून औषध आणलं आणि एक हात मारला. कोणाला बोलले नाहीत. पण शिवारात वास लपतो का? दोघांना कळलं.

बैठक मारुतीच्या देवळात बसली. एक दादा म्हणाले, "एकच फवारणी झालीय, पंधरा दिवस वांगी तोडू नका, विषय संपवा." दुसरे म्हणाले, "काकांनीच गट बांधला, त्यांना काढायचं?" एका वहिनींनी विचारलं, "पुण्यातल्या त्या बाईंचं लेकरू आपल्या भाजीवर वाढतंय. त्यांना काय सांगणार?" त्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही. काका भिंतीला टेकून बसले होते. शेवटी तेच म्हणाले, "लिहा वहीत. मी फवारलं."

निर्णय असा झाला. त्या आठ गुंठ्यांचं रूपांतरण पुन्हा पहिल्या दिवसापासून. त्यातली वांगी साधा माल म्हणून मार्केट यार्डात. पुण्याच्या घरांना सरळ निरोप, की अमुक तारखेपासून या शेतातली वांगी येणार नाहीत, आणि कारण हे. काका गटातच राहिले. चाळीसपैकी तीन घरांनी भाजी बंद केली. बाकीच्यांनी पुढच्या आठवड्यात नेहमीपेक्षा जास्त मागवली, कारण त्यांना पहिल्यांदा खात्री पटली की इथे वहीत खरं लिहितात.

त्या बैठकीतून एक नियम निघाला, तो आजपर्यंत पाळतो. कीड हाताबाहेर जातेय असं वाटलं की आधी गटाला फोन. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं तरी रानात हजर. वांग्याचे सुकलेले शेंडे खुडून नष्ट करायचे, किडकी फळं वेचायची, कामगंध सापळे लावायचे, पाच टक्के निंबोळी अर्क मारायचा. अर्क म्हणजे पाच किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, गाळून, शंभर लिटर करायचं. या उपायांना हात लागतात. एकट्या सत्तरीच्या माणसाला आठ गुंठ्यांतले शेंडे खुडणं होत नाही, म्हणून तो बाटली उचलतो. गटाचा उपयोग प्रमाणपत्रासाठी आहेच, पण त्याहून जास्त त्या एका सकाळसाठी आहे.

एक माहिती सोबत ठेवा. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असलेला लहान उत्पादक आपला माल थेट ग्राहकाला विकत असेल, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या सेंद्रियच्या नियमांतून त्याला प्रमाणपत्राची सूट आहे. पण मग 'जैविक भारत'चं चिन्ह पाकिटावर छापता येत नाही. दुकानातून विकायचं असेल तर प्रमाणपत्र लागतं.

आणि सात जणांचा गट जमला की लगेच कंपनी काढायला पळू नका. शेतकरी उत्पादक कंपनीला संचालक, हिशेब, लेखापरीक्षण, भांडवल सगळं लागतं. आधी दोन हंगाम एकत्र भाजी विकून बघा. हिशेबावरून भांडण न होता पैसे वाटता आले, तर पुढचा विचार.

बियाण्याची सोयरीक

माणसं जोडण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे बी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्यांना २०२० ची पद्मश्री मिळाली. त्यांच्याकडून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे बी साठवून कुलपात ठेवलं नाही, वाटलं. बी घेणारी प्रत्येक बाई त्या जाळ्यात आली.

नागपूरला बीजोत्सव भरतो, तिथे देशी वाण आणि ते जपणारी माणसं दोन्ही भेटतात. कायद्याची भीती बाळगू नका. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला स्वतःच्या शेतातलं बी ठेवण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं ब्रँडच्या नावाने पाकीट करून विकता येत नाही, इतकंच. आमच्या गटात मूठभर बी न्यायचं तर दोन मुठी परत द्यायच्या, सोबत चिठ्ठी: कधी पेरलं, किती पाऊस झाला, कसं आलं.

बायकांचं शिक्षण कुठे अडतं

शेतीतली निंदणी, खुरपणी, बी राखणं बायकांकडे, आणि प्रशिक्षणाचं पत्र येतं सातबाऱ्यावरच्या नावाला. शिबिर तालुक्याला, सकाळी दहाला, म्हणजे घरातलं सगळं आवरून एसटी पकडायची. मराठवाड्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांना घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर स्वतःच्या निर्णयाने कसायला मिळावा, असं काम उभं केलं. त्यात आधी घरच्या खाण्याची मिश्र पिकं. २०१७ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. माझं म्हणणं, गट करताना बैठकीची वेळ बायकांना विचारून ठरवा. आमची बैठक दुपारी तीनला असते. एवढ्या एका बदलाने हजेरी दुप्पट झाली.

फोनवरची शाळा

व्हॉट्सॲपचे गट सगळ्यांकडे आहेत. उपयोगी आहेत, पण तिथे जीवामृताचं प्रमाण सुद्धा दर आठवड्याला बदलतं. दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती आणि दोनशे लिटर पाणी, इतकं साधं आहे ते. फिरत फिरत त्यात दारू आणि अंडी कधी शिरतात कळत नाही. आमच्या गटात नियम आहे: फोटो, पिकाचं वय आणि गावाचं नाव असल्याशिवाय प्रश्न टाकायचा नाही, आणि स्वतः केल्याशिवाय उपाय सांगायचा नाही. अडलंच तर किसान कॉल सेंटर आहे, १८००-१८०-१५५१, मराठीत बोलतात.

या महिन्यात काय कराल

फार मोठं काही सांगत नाही. आपल्या शिवारापासून सायकलने जाता येईल एवढ्या अंतरातले पाच जण शोधा. जातभाई, भावकी, पक्ष हे बघू नका, रान बघा. महिन्यातला एक वार ठरवा, म्हणजे कोणाला आठवण करून द्यावी लागत नाही. दरवेळी वेगळ्याच्या रानात बसा, देवळात किंवा ओसरीवर नको, कारण ओसरीवर राजकारण निघतं आणि बांधावर पीक निघतं. एक वही ठेवा. पहिली बैठक फक्त एकाच प्रश्नावर घ्या: मागच्या हंगामात कोणाचं काय फसलं? ज्या गटात लोक हे खरं सांगू शकतात, तो गट टिकतो.

तुमच्या भागात असा गट असेल, किंवा सुरू करताना अडचण येत असेल, तर आवाजात निरोप पाठवा. पुढच्या भागात आमच्या गटाची हिशेबाची वही उघडणार आहोत, आठवड्याच्या भाजीत नेमका कोणाला किती पैसा मिळतो ते आकड्यांसकट. तोवर रान सांभाळा, आणि एकमेकांनाही. नमस्कार.